दोन कथा, एक निबंध: गाडी अडली होती ती कशी सुटली

अमेरिकी लेखक रे ब्रॅडबरीच्या ‘द वेल्ट’ आणि ‘देअर विल कम सॉफ्ट रेन्स’वर तुलनात्मक निबंध लिहायचा होता. दोन्ही कथा १९५० च्या, दोन्हींत आपोआप चालणारं घर. कच्चा खर्डा मात्र नुसतं एकीचं सार, खाली दुसरीचं सार. तुलनेचा सगळा भार मधल्या ‘याउलट’वर!

मग साम्य-भेदांचा तक्ता सरळ बाजूला ठेवला (तो दिसतो छान, पुढे नेत नाही) आणि एकच प्रश्न धरला: या घराला माणसं हवीत का? ‘सॉफ्ट रेन्स’मध्ये अणुस्फोटाने कुटुंबाच्या फक्त आकृती बाहेरच्या भिंतीवर उरल्यात, तरी स्वयंपाकघर नेमाने नाश्ता बनवतंय. ‘द वेल्ट’मध्ये माणसं आहेत, पण मुलांना आईबापांपेक्षा खेळघर (मनात येईल ते दृश्य, अगदी सिंहांसकट, भिंतींवर उभं करणारी खोली) प्यारं, बाप ते बंद करायला निघतो आणि शेवटी सिंहांपुढे सापडतो.

प्रश्न मिळाल्यावर प्रत्येक परिच्छेदात दोन्ही कथा आपोआप आल्या. कथानक चार ओळींत आटोपलं. शेवटांची तुलना सर्वांत लांबली, कारण एक घर जळतं आणि दुसरं जिंकतं.