जर्मनीत शिकायला येताय? आधी पत्त्याचं बघा

जर्मनीला शिकायला निघालेली मुलं हमखास दोन गोष्टी विचारतात : भाषेचं कसं होतं आणि थंडी किती असते. दोन्ही निभावतं. खरी दमछाक होते ती पत्त्यापायी. एका कागदासाठी दुसरा लागतो, दुसऱ्यासाठी तिसरा, आणि शोधत गेलं की सगळं राहत्या घरापाशी येऊन अडतं.

घरात राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांच्या आत पालिकेच्या कार्यालयात नाव नोंदवायचं, असा इथला कायदा. याला आन्मेल्डुंग म्हणतात. त्यासाठी घरमालकाच्या सहीचं ठरावीक पत्र लागतं, नुसत्या भाडेकरारावर भागत नाही. म्हणून खोली बघताना भाड्याच्याही आधी ‘इथे आन्मेल्डुंग होईल ना?’ हे विचारा. पोटभाडेकरू ठेवणारे काही जण इथेच गुळमुळीत बोलायला लागतात. अशी खोली कितीही स्वस्त असली तरी सोडा. मोठ्या शहरांत दोन आठवड्यांत अपॉइंटमेंटच मिळत नाही, ही गंमत वेगळी! तरी ती वेळेत मागितल्याचा ईमेल जपून ठेवा.

व्हिसासाठी ब्लॉक्ड अकाउंटमध्ये वर्षाचे ११,९०४ युरो भरलेले असतात; त्यातले महिन्याला ९९२ हातात पडतात. पण ते सुरू होईपर्यंत खर्च खिशातून, आणि नेमकं तेव्हाच घराचं डिपॉझिट द्यायचं असतं. ते मूळ भाड्याच्या (हीटिंग वगैरे वगळून) तिपटीहून जास्त मागता येत नाही, शिवाय तीन मासिक हप्त्यांत देण्याचा हक्क भाडेकरूला असतो. मालक हे आपणहून कशाला सांगतील? ‘मी सध्या परदेशात आहे, डिपॉझिट पाठवा, चावी कुरियरने येईल’ म्हणणारा मात्र मालक नसतोच, भामटा असतो.

आता टपालपेटी. हिच्याकडे कोणी लक्ष देत नाही, आणि मग महिनाभर बँकेचं कार्ड कुठे अडकलं म्हणून फोन करत बसतात. इथे बऱ्याच इमारतींत फ्लॅटला नंबरच नसतो. पोस्टमन पेटीवरचं आडनाव बघतो. कार्डाचा पिन, ११ आकडी कर क्रमांक, विद्यार्थ्याच्या विम्याचे कागद, सगळं पोस्टाने येतं आणि पेटीवर नाव नसेल तर परत जातं. मी सामान उघडायच्या आधी वहीच्या कागदाची पट्टी कापून आधीच्या भाडेकरूच्या नावाखाली चिकटपट्टीने लावली होती. दिसायला गबाळी, पण काम झालं. नाव पासपोर्टवर आहे तसंच सगळीकडे लिहा. आपल्या मार्कशीटवर आडनाव आधी आणि शेवटी आईचं नाव. ती बघून फॉर्म भरलात तर इथल्या कारकुनाला दोन वेगळी माणसं वाटतात.

राहण्याच्या परवान्याचा अर्ज व्हिसाची मुदत संपायच्या आत करा. वेळेत केलेला असेल तर निर्णय लागेपर्यंत कायदेशीर राहता येतं, मग त्याला कितीही महिने लागोत. तसा तात्पुरता दाखला मागून घ्या. त्याचे प्रकार असतात आणि सगळ्यांवर देशाबाहेर जाऊन परत येता येत नाही. तेव्हा दिवाळीचं तिकीट काढण्याआधी कोणत्या खान्यात खूण केली आहे ते नीट वाचा.