एक प्रोसेस अडली, तर बाकीच्यांना ताटकळत ठेवू नका

फोंड्याला माझ्या भाच्याचा मांडवीच्या भरती-ओहोटीचा एमपीआय (अनेक प्रोसेसनी एकमेकींना निरोप पाठवत मिळून काम करायची पद्धत) प्रोग्राम रात्रभर 16 प्रोसेसवर चालू होता. सकाळी बघतो तर आउटपुट रिकामं, सीपीयू मात्र 100 टक्के. रँक 0 ला, म्हणजे 0 क्रमांकाच्या प्रोसेसला, डेटा फाइलच सापडली नव्हती. ती मुकाट्याने फंक्शनमधून परतली आणि उरलेल्या 15 ब्रॉडकास्टची, म्हणजे तिने सगळ्यांना पाठवायच्या डेटाची, वाट बघत बसल्या.

अशा जागी नुसतं रिटर्न लिहू नका. आधी रँक आणि फाइलचं नाव स्टँडर्ड एररवर छापा, मग सगळ्या प्रोसेस एकदम थांबवणारा एमपीआय_अबॉर्ट(एमपीआय_कॉम_वर्ल्ड, 1) कॉल करा. यात अर्धवट लिहिलेल्या फाइली तशाच राहू शकतात, म्हणून शक्य तिथे मला दुसरी वाट बरी वाटते: प्रत्येकीने चूक असल्यास 1, नसल्यास 0 द्यायचा, एमपीआय_ऑलरिड्यूसने त्यातला कमाल आकडा काढून सगळ्यांना द्यायचा. तो 1 आला, की सगळ्यांनी फाइली बंद करून एकत्रच एमपीआय_फायनलाइझ करून एमपीआय रीतसर बंद करायचं.

आणि हे हमखास विसरलं जातं: निरोपांच्या देवाणघेवाणीत चूक झाली तर एमपीआय मुळातच प्रोग्राम थांबवतं, पण एमपीआय_फाइल_ओपनसारख्या फाइलींच्या कामात फक्त एरर कोड परत करतं. तो प्रत्येक वेळी तपासा.