दगडखाणीवरची हिरवळ मोजताना

पुण्याभोवती वाघोली, मोशी या पट्ट्यात बेसाल्टच्या दगडखाणी आहेत. बंद झालेल्या अशा खाणीत मुरूम-माती पसरून रोपे लावली, की पहिल्याच पावसाळ्यानंतर सगळे हिरवे दिसते. त्या हिरव्यात गाजरगवत किती, पाणी घालून तगवलेली रोपे किती आणि आपसूक रुजलेले किती, हे वेगळे काढणे हाच निरीक्षणाचा हेतू असावा.

आधी जवळची, साधारण त्याच उंचीची, न खणलेली टेकडी संदर्भासाठी निवडावी आणि खाणीत जे मोजायचे तेच तिथेही मोजावे. सालई, धावडा ही इथली पानगळीची झाडे ऐन उन्हाळ्यात उघडी असतात. त्यामुळे एप्रिलचे उपग्रहचित्र फिके आले म्हणून ते अपयश ठरत नाही, आणि बाहेरून आलेल्या, झपाट्याने पसरणाऱ्या सुबाभळीची दाटी हिरवी दिसली म्हणून ते यशही ठरत नाही.

खाणीचा तळ, भरावाचा उतार आणि काठ यांवर स्वतंत्र चौकटी आखाव्यात: गवतासाठी १ × १ मीटर, झुडपांसाठी ५ × ५ आणि झाडांसाठी १० × १० मीटर. कोपऱ्यांवर ठोकलेल्या लोखंडी सळया भंगारात जाण्याची शक्यता मोठी. त्यापेक्षा हलू न शकणाऱ्या दगडावर ऑइलपेंटने क्रमांक घालावा. मोबाईलचा जीपीएस काही मीटरने चुकतो, म्हणून त्या दगडापासूनचे अंतर आणि दिशाही वहीत लिहावी. प्रत्येक चौकटीत प्रजाती, आच्छादनाची टक्केवारी, उघडा मुरूम आणि झाडांचा १.३७ मीटर उंचीवरचा घेर नोंदवावा. लावलेल्या रोपांना लागवडीच्या वेळीच बिल्ले बांधलेले असतील, तर आपसूक रुजलेल्या रोपांचा रकाना निःशंकपणे भरता येतो. माझ्या मते सगळ्यांत बोलका रकाना तोच.

पहिली फेरी सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरमध्ये करावी, कारण तेव्हा गवते फुलोऱ्यात असतात आणि ओळखता येतात. कुसळी गवताची काळपट कुसळे एकमेकांत पिळली जाऊन विजारीला चिकटतात, ती वेळ येईपर्यंत थांबू नये. न ओळखलेली वनस्पती फुला-फळासह वर्तमानपत्रात दाबून ठेवावी; आघारकर संशोधन संस्थेच्या वनस्पतिसंग्रहातील नमुन्यांशी ती ताडून पाहता येईल का, याची चौकशी करावी. दुसरी फेरी मे महिन्यात, मोजदादीची. निष्पर्ण रोपाची साल नखाने किंचित खरवडावी. खाली ओलसर हिरवा थर दिसला तर रोप जिवंत धरावे.

सेंटिनेल-२ या युरोपीय उपग्रहांची चित्रे २०१५पासून विनामूल्य मिळतात, पण त्यातला सर्वांत बारीक ठिपकाही १०० चौरस मीटरचा असतो. पावसाळ्यात ढग आड येतात आणि डिसेंबरात खाणीच्या भिंतीची सावली तळावर पडते. म्हणून दरवर्षी त्याच महिन्याचे चित्र घ्यावे.

ठिबक कधी बंद केले ती तारीख नोंदवहीत ठळक लिहावी आणि त्यानंतरचे निदान दोन उन्हाळे उलटल्याशिवाय जगण्याची टक्केवारी अहवालात देऊ नये.