ड्रम पातळ वाजतायत? मिक्सिंगमधल्या या चुका टाळा

ड्रमचे ट्रॅक पातळ वाटले की हात आधी इक्यूकडे (हव्या त्या फ्रिक्वेन्सी वाढवायच्या-कमी करायच्या साधनाकडे) जातो. किकला (पायाने वाजणाऱ्या मोठ्या ड्रमला) 60 हर्ट्झ वाढव, स्नेअरला (खाली तारा असलेल्या, काठीने वाजणाऱ्या ड्रमला) 200 वाढव, वर एखादं प्लगइन चढव. तरी आवाज भरत नाही. बहुतेक वेळा भरीवपणा रेकॉर्डिंगमध्ये असतोच. माईक एकमेकांना खोडत असतात म्हणून तो ऐकू येत नाही.

फेज न तपासता मिक्सला बसणं

सगळ्यांत महागात पडणारी चूक ही. फेज म्हणजे वेगवेगळ्या माईकमधल्या लहरींचा एकमेकींशी मेळ. ड्रमकिटवर आठ-दहा माईक असतात आणि स्नेअर त्या प्रत्येकात शिरतो. आवाज एका मिलिसेकंदात साधारण 34 सेंटीमीटर जातो. म्हणजे मीटरभर वर टांगलेल्या ओव्हरहेड माईकमध्ये तोच फटका जवळच्या माईकपेक्षा जवळजवळ 3 मिलिसेकंद उशिरा पोहोचतो. दोन्ही ट्रॅक एकत्र वाजले की काही फ्रिक्वेन्सी फुगतात, काही गायब होतात.

स्नेअरला खालूनही माईक लावला असेल, तर त्या ट्रॅकची पोलॅरिटी (लहरीची वर-खाली दिशा) जवळजवळ नेहमीच उलटावी लागते. काठी पडली की वरचं हेड (ड्रमचा ताणलेला पडदा) आपल्या माईकपासून लांब जातं, आतली हवा दाबली जाते आणि खालचं हेड आपल्या माईककडे सरकतं. ढोलाच्या दोन्ही तोंडांना माईक लावले तरी हाच प्रकार होतो.

तपासायची पद्धत सोपी आहे. मिक्स मोनो करा. आधी फक्त ओव्हरहेड वाजवा, मग वरचा स्नेअर आणा आणि पोलॅरिटीचं बटण दाबून-सोडून ऐका. ज्या बाजूला स्नेअरचं पोट जास्त ऐकू येईल ती ठेवा. त्यानंतर खालचा स्नेअर, किक, टॉम, एकेक करून. काही जण सगळ्या वेव्हफॉर्म माउसने ओढून एका रेषेत आणतात. रूम माईकच्या (खोलीचा आवाज टिपायला लांब ठेवलेल्या माईकच्या) बाबतीत तरी मला ते पटत नाही. तो उशिरा येतो म्हणूनच खोली जाणवते.

सोलोमध्ये इक्यू

एकटा किक ऐकून 60 हर्ट्झ भरपूर वाढवला, की बेस गिटार आल्यावर दोघांची मारामारी सुरू. बेसची खालची तार 41 हर्ट्झवर बोलते. आधी किकमधला 300-400 च्या आसपासचा खोक्यासारखा आवाज काढा, खालचा भाग आपोआप मोकळा होतो. ओव्हरहेडला झांजांचे माईक समजून 500 च्या खालचं सगळं कापायची सवयही सोडा. अख्ख्या किटचा आवाज तिथे असतो. स्नेअर आणि टॉमचं अंग त्याच कापण्यात जातं.

कॉम्प्रेसरचा अटॅक फार जलद

कॉम्प्रेसर मोठा आवाज दाबतो. तो किती वेळात दाबतो तो अटॅक, किती वेळात सोडतो तो रिलीज. 1-2 मिलिसेकंदांचा अटॅक फटक्याचं टोकच खातो. 20-30 पासून सुरुवात करा, आणि पुढचा फटका पडायच्या आत कॉम्प्रेसर सुटेल असा रिलीज ठेवा.

खरी जाडी हवी असेल तर पॅरलल कॉम्प्रेशन. ड्रमची एक प्रत वेगळ्या बसवर (मिक्समधल्या स्वतंत्र चॅनेलवर) पाठवून तिला निर्दयपणे दाबा, अटॅक जलद असला तरी चालेल, आणि फेडर (आवाजाची सरकपट्टी) अगदी तळापासून हळूहळू वर घ्या. बस म्यूट केल्यावर काहीतरी गेलं एवढं जाणवलं की थांबा. तुलना करताना मात्र दोन्ही वेळची पातळी सारखी ठेवा, कारण कानाला मोठा आवाज नेहमी चांगलाच वाटतो.

फोनवर किक गायब होत असेल तर खालची फ्रिक्वेन्सी वाढवून उपयोग नाही, त्या स्पीकरला 60 हर्ट्झ झेपतच नाही. थोडं सॅच्युरेशन (हलकं डिस्टॉर्शन) द्या: 120, 180 वर हार्मोनिक्स (60 च्या पटीतल्या फ्रिक्वेन्सी) तयार होतात आणि किक तिथे ऐकू येते.

फ्लॅटमधल्या बेडरूममध्ये रेकॉर्ड केलंय? मग तो रूम माईक खुशाल म्यूट करा आणि छोट्या खोलीचा रिव्हर्ब (घुमण्याचा इफेक्ट) लावा, 200 च्या खाली कापून. स्नेअरचं हेडच मेलेलं असेल तर खाली सॅम्पल (आधीच रेकॉर्ड केलेला स्नेअरचा फटका) द्यायला हरकत नाही, फक्त त्याचीही पोलॅरिटी तपासून घ्या.