नाशिकमध्ये साल्सा-बचाटा शिकायचंय? आधी बचाटा घ्या

साल्सा आणि बचाटा हे जोडीने करायचे नाच, पण जोडीदार नाही म्हणून थांबू नका. बहुतेक क्लासमध्ये दर थोड्या वेळाने जोड्या बदलतात, आणि शिकायलाही तेच बरं. सुरुवात बचाटापासून करा. डॉमिनिकन रिपब्लिकमधला हा नाच तालाला सोपा: तीन पावलं एका बाजूला, चौथ्या ठोक्यावर नुसता टॅप (पाय हलकेच टेकवायचा), मग तसंच उलट बाजूला. साल्सात आठ ठोक्यांपैकी 1-2-3, 5-6-7 वर पावलं पडतात. 4 आणि 8 ला थांबायचं असतं. नवशिक्यांची गडबड नेमकी तिथेच होते, पाय थांबतच नाहीत. घरी गाणं लावून आधी नुसते आकडे मोठ्याने म्हणा, पाय नंतर.

जाड रबरी तळाचे स्पोर्ट्स शूज नकोत. वळताना तळ फरशीला चिकटतो आणि पीळ गुडघ्यावर येतो. गुळगुळीत तळाचे साधे बूट चालतील.

कॉलेज रोड, गंगापूर रोडकडच्या डान्स क्लासमध्ये चौकशी करताना फीआधी एक गोष्ट विचारा: शिकवणीनंतर मोकळं नाचायला वेळ देता का? फक्त स्टेजसाठी बसवलेला नाच शिकवत असतील, तर अनोळखी माणसासोबत नाचणं जमणार नाही. पुण्या-मुंबईच्या सोशलला, म्हणजे सगळे जमून मोकळं नाचतात त्या कार्यक्रमाला, जाण्याआधी मूळ पावलं आणि एक साधं वळण पुरे. आणि समोरच्याने नको म्हटलं, तर हसून बाजूला व्हा.