घरासाठी शिलाई मशीन घेताय? या चुका टाळा

दसऱ्याच्या ऑफरमध्ये मशीन घरात येतं, संक्रांतीपर्यंत त्यावर कव्हर चढतं आणि होळी आली की त्या कव्हरवर इस्त्रीचे कपडे ठेवायला लागतात. माझ्या शिवणक्लासला येणाऱ्या कित्येकींच्या घरी असं एक मशीन असतंच. तक्रारही ठरलेली, "काकू, मशीनच खराब लागलं हो." अहो, मशीन क्वचितच खराब लागतं. एक तर निवड चुकलेली असते, नाहीतर दोरा ओवताना घाई झालेली असते.

"किती फंक्शन आहेत?"

दुकानात शिरल्याबरोबर हा प्रश्न विचारला की दुकानदार खूश होतो, कारण उत्तर खोक्यावर छापलेलंच असतं. १४ फंक्शन, २१ फंक्शन. जरा चष्मा लावून बारीक अक्षरंही वाचा. टाके असतात सात आणि त्या सात टाक्यांनी होणारी कामं चौदा. काज करणं, चेन लावणं, रफू, पिको असं एकेक काम मोजून आकडा मोठा होतो. त्यात खोटं काही नाही, पण त्या आकड्यावर मशीन घेणं शहाणपणाचं नाही. घरात वर्षभर लागतं ते काय? साधी टीप, झिगझॅग, काज आणि टी-शर्टसारख्या ताणणाऱ्या कापडासाठी एक स्ट्रेच टाका. बदकांची रांग आणि पानाफुलांची नक्षी पहिल्या रविवारी एका रुमालावर काढून होते. पुढे त्या बटणाला कुणी हात लावत नाही.

एकाच मशीनवर सगळं व्हावं असं वाटत असेल तर बघायच्या गोष्टी वेगळ्या आहेत. टाक्याची लांबी शून्यापासून चार मिलिमीटरपर्यंत हवी तशी फिरवता येते का? झिगझॅगची रुंदी वेगळ्या बटणाने कमी-जास्त होते, की दोन-तीन ठरावीक मापांवरच भागवायचं? पुढचा भाग काढल्यावर बाही किंवा पायजम्याची मोहरी अडकवता येईल असा बारीक हात आहे का? कापड पुढे सरकवणारे दाते खाली घेता येतात का? (रफू आणि बटण लावणं यासाठी लागतं.) कापड दाबून धरणारं फूट नेहमीच्या उंचीपेक्षा आणखी थोडं वर उचललं जातं का? हे सगळं असेल तर सात टाके पुष्कळ झाले.

आणि डेमो बघून भुलू नका. दुकानदार कडक, जाडसर सुती कापडाची घडी घेतो आणि त्यावर झरझर टीप मारून दाखवतो. तसल्या कापडावर कुठलंही मशीन सुंदर टीप मारतं. मी कुणासोबत मशीन घ्यायला गेले तर कातरणांची पिशवी घेऊन जाते. त्यात मऊ वॉइल, अस्तराचं कापड, जुन्या टी-शर्टचा तुकडा, काठासकट खण आणि जीन्सची मोहरी, तीही बाजूच्या शिवणीसकट.

या मोहरीवर मशीनची खरी परीक्षा होते. मोहरी दुमडली की बाजूच्या शिवणीपाशी थरांवर थर येतात. फूट त्या उंचवट्यावर चढायला लागलं की पुढून वर उचललं जातं, दात्यांची पकड सुटते, टाके एकाच जागी साचतात आणि तेवढ्यात कट्‌कन सुई मोडते. म्हणून चढ यायच्या आधी थांबायचं. सुई कापडात रुतलेली ठेवून फूट उचलायचं, मागच्या बाजूने तेवढ्याच जाडीची कापडाची घडी फुटाखाली सरकवायची आणि फूट खाली टाकायचं. आता ते सपाट बसतं. पुढचे चार-पाच टाके हाताने चाक फिरवून घ्यायचे, चाक नेहमी आपल्याकडेच. सोळा नंबरची सुई लावून हे दुकानातच करून बघा. चाक हाताने फिरवतानाही सुई अडत असेल तर ते मशीन तुमच्या घरातल्या जीन्ससाठी नाही. "ताई, इतकं कुणी बघत नाही," असं दुकानदार म्हणेल. म्हणू दे. दहा-पंधरा हजार तुमचे जाणार आहेत, त्याचे नाहीत.

पटापट काही

हातात धरायचं, स्टेपलरसारखं दिसणारं मशीन घेऊ नका. त्याचा टाका एकाच दोऱ्याचा असतो, साखळीचा. शेवटचं टोक ओढलं की अख्खी शिवण सरसर उसवते.

मोबाइलवर येणारे "मोफत शिलाई मशीन योजना, लगेच अर्ज करा" हे मेसेज पुढे पाठवू नका आणि त्यातली लिंक उघडू नका. सप्टेंबर २०२३ मध्ये सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत शिंपीकाम करणाऱ्यांना साधनांसाठी १५,००० रुपयांपर्यंत मदत आहे, पण ती नोंदणी झालेल्या कारागिरांना.

मुलीने अमेरिकेहून मशीन आणलं तर मागच्या पट्टीवरचं व्होल्टेज वाचल्याशिवाय प्लग लावायचा नाही. तिथली वीज १२० व्होल्टची, आपली २३० ची. नुसती पिन बदलणारा अडॅप्टर व्होल्टेज उतरवत नाही. मोटर जळाल्याचा वास घरभर सुटतो तेव्हा हे कळून उपयोग नसतो.

घरगुती मशीनवर पिको-फॉलचा धंदा मांडू नका. घरच्या चार साड्यांचा पिको ठीक आहे. रोजच्या ढिगासाठी पिकोचं वेगळं मशीन मिळतं, ते त्याच कामासाठी बनवलेलं असतं.

"यात इंटरलॉक पण होतं" हे दुकानदाराचं वाक्य अर्धंच धरा. झिगझॅगने कडेचे धागे सुटायचे थांबतात, पण इंटरलॉकचं मशीन कड कापत कापत बांधतं, तसं हे करत नाही.

गोधडीचं विचारत असाल तर हातानेच घाला. जुन्या साड्यांचे थर एक वेळ सुई पेलेल, पण सुई आणि मशीनचा खांब यांच्यात जागा जेमतेम वीतभर. गुंडाळलेली गोधडी तिथून जायची कशी?

खाली दोऱ्याचा गुंता होतो

या एका तक्रारीने माझं डोकं उठलंय. कापड वरून ठीक दिसतं, उलटं केलं की खाली दोऱ्याचं घरटं. मग सगळ्या जणी बॉबीनच्या, म्हणजे खालच्या दोऱ्याच्या रिळाच्या, मागे लागतात, कारण गुंता खाली आहे.

क्लासमधल्या एकीने नवं कोरं मशीन याच कारणासाठी परत केलं. दुकानदाराने बदलून दिलं, तर दुसऱ्यातही तेच. ही दुकानात जाऊन भांडली, ग्राहक मंचापर्यंतची भाषा झाली आणि शेवटी मशीन रिक्षात घालून माझ्याकडे आणलं. म्हटलं, "बाई गं, मशीन राहू दे, आधी माझ्यासमोर दोरा ओव." तिने भराभर ओवला. व्हिडिओ दीडपट वेगाने बघून शिकलेली, हात एकदम सराईत. फक्त फूट खाली होतं.

फूट खाली असलं की वरच्या टेन्शनच्या, म्हणजे दोऱ्याला ताण देणाऱ्या, चकत्या एकमेकींना घट्ट चिकटलेल्या असतात. दोरा त्यांच्यामध्ये जाऊन बसतच नाही, कडेवरून घसरून पुढे येतो. म्हणजे वरच्या दोऱ्याला ताण नाही. असा मोकाट सुटलेला दोरा खाली ओढला जातो आणि बॉबीनपाशी गोळा होतो. गुंता खाली, दोष वर. फूट वर करून पुन्हा ओवायला लावलं आणि टीप मारली, तरी टाका नीट येईना. कारण बाईसाहेबांनी दरम्यान बॉबीन जिच्यात बसते त्या केसचा स्क्रू पण पिळून ठेवला होता. तो जागेवर आणण्यातच दुपार गेली.

तो कसा लावायचा तेही सांगते. बॉबीन भरलेली केस दोऱ्याच्या टोकाला धरून लोंबकळत सोडायची. जागच्या जागी राहिली पाहिजे आणि हाताला हलका झटका दिला की बोटभर खाली उतरली पाहिजे. सर्रकन खाली आली तर स्क्रू ढिला आहे, झटक्यानेही हलली नाही तर घट्ट. स्क्रू पाव फेऱ्याहून जास्त एकदम फिरवायचा नाही. वरून बॉबीन टाकायची मशीनं असतील तर तिथल्या स्क्रूला हातच लावू नका.

दोरा ओवताना माझा शिरस्ता असा: फूट वर, सुई सगळ्यात उंचावर, मग दोरा. ओवून झाला की फूट खाली करून दोरा ओढून बघायचा. अडला पाहिजे. अडत नसेल तर सगळा काढून पुन्हा ओवायचा, कंटाळा करायचा नाही. बॉबीनही त्याच मशीनच्या मापाची घ्यायची. "जवळजवळ तशीच दिसते" म्हणून दुसरी टाकली की पुन्हा तेच रडगाणं.

सुईचंही तसंच. टाके सुटायला लागले की बायका टेन्शनचं बटण फिरवत बसतात आणि दहा रुपयांची सुई बदलत नाहीत. सुईचा एक अंग चपटा असतो आणि एका बाजूला लांब खाच असते. दोरा त्या खाचेच्या बाजूने ओवायचा. वॉइलला अकरा नंबर, नेहमीच्या सुतीला चौदा, जीन्सला सोळा. होजिअरीला बॉलपॉइंट सुई लागते, साध्या सुईने टी-शर्टला टाके सुटतात आणि वर भोकंही पडतात.

दुरुस्ती कोण करणार?

कंपनी ठरवण्याआधी हे विचारा. पुण्या-मुंबईत चालतं, पण तालुक्याच्या गावी कॉम्प्युटराइज्ड मशीनचं बोर्ड गेलं तर मशीन जिल्ह्याच्या ठिकाणी न्यावं लागतं आणि पार्ट येईपर्यंत लग्नसराई संपते. पहिलं मशीन साधं, बटणं फिरवायचं झिगझॅग मशीनच घ्या. घरात आजीचं काळं लोखंडी पायमशीन असेल तर ते भंगारात देऊ नका. ते एकच सरळ टीप मारतं, पण अशी मारतं की नव्या मशीनने लाजावं. त्यात खोबरेल तेल मात्र घालू नका. थंडीत ते थिजतं आणि एरवी चिकट होऊन धूळ धरतं. शिलाई मशीनचं पांढरं तेल कुठल्याही दोरे-बटणांच्या दुकानात मिळतं. एक-दोन थेंब घालायचे, वर कोरं फडकं ठेवून थोडा वेळ नुसतंच मशीन चालवायचं, मग ब्लाउजपीसला हात लावायचा.