बाळंतपणात टाळता येणारी इजा: ठोके, सलाईन आणि केस पेपर

प्रसूतीत बाळाला झालेली प्रत्येक इजा निष्काळजीपणामुळेच होते असं नाही. सेरेब्रल पाल्सीच्या (मेंदूच्या इजेमुळे हालचालींवर ताबा न राहण्याच्या) बहुतेक मुलांमध्ये कारण गरोदरपणात, कमी दिवसांच्या जन्मात किंवा संसर्गात सापडतं. पण काही इजा आधी इशारा देतात. बाळाचे ठोके उतरत जातात, पोट दोन कळांच्या मध्ये सैल पडत नाही, आणि हे कुणी मोजलेलं नसतं, किंवा मोजून पुढे काही केलेलं नसतं. अशा इजा टाळता येतात. घरच्यांनी काय बघायचं, काय विचारायचं आणि इजा झालीच तर काय करायचं, ते इथे दिलं आहे.

नाव नोंदवताना

आठव्या महिन्याच्या आत विचारून घ्या: रात्री दोनला सिझर करायची वेळ आली तर भूलतज्ज्ञ किती वेळात येतात? रक्त कुठून आणतात? बाळ रडलं नाही तर अंबू बॅग (हाताने दाबून श्वास द्यायचा फुगा) कोण वापरतं, आणि ती व्यक्ती लेबर रूममध्येच असते का? बाळाला अतिदक्षता लागली तर कुठे पाठवतात? 'तेव्हा बघू' असं उत्तर आलं तर दुसरं हॉस्पिटल शोधायला अजून वेळ असतो. आईचा रक्तगट निगेटिव्ह असेल, साखर वाढलेली असेल, आधीचं सिझर असेल किंवा मागच्या खेपेला बाळाचा खांदा अडकला असेल, तर ते फाइलच्या पहिल्या पानावर ठळक लिहून घ्या. ड्यूटी बदलल्यावर नवी सिस्टर पहिल्यांदा तेच पान बघते.

कळा सुरू झाल्यावर

बाळाचे ठोके मिनिटाला ११० ते १६० असायला हवेत. जोखीम नसलेल्या बाळंतपणातही, गर्भपिशवीचं तोंड ५ सेंटिमीटर उघडल्यानंतर ते दर १५ ते ३० मिनिटांनी ऐकायचे असतात आणि जोर लावायच्या टप्प्यात दर ५ मिनिटांनी. कसे ऐकतात तेही महत्त्वाचं आहे. कळ आली की गर्भाशय आवळतं आणि वारेतून बाळाला मिळणारा प्राणवायू थोडा वेळ कमी होतो. सशक्त बाळ हे सहज सोसतं. थकलेल्या बाळाचे ठोके मात्र कळेबरोबर उतरतात आणि कळ सरल्यावरही लवकर सावरत नाहीत. म्हणून कळ ओसरताच डॉपलर (पोटावरून ठोके ऐकवणारं यंत्र) लावून निदान पूर्ण एक मिनिट मोजायचं. दोन कळांच्या मध्ये दहा सेकंद ऐकून '१४०' लिहिलं तर नेमकी हीच घसरण निसटते. त्याच वेळी आईची नाडीही बघावी लागते, नाहीतर आईचेच ठोके बाळाचे म्हणून कागदावर चढतात.

सगळ्यात जास्त लक्ष कळा वाढवायच्या सलाईनवर ठेवा. साधारणपणे ५०० मिलीलिटरच्या बाटलीत ५ युनिट ऑक्सिटोसिन घालतात आणि थेंब मोजून, टप्प्याटप्प्याने वेग वाढवतात. सोबतच्या बाईने पोटावर हात ठेवून घड्याळ लावावं. १० मिनिटांत ५ पेक्षा जास्त कळा आल्या, किंवा मधल्या वेळात पोट दगडासारखंच राहिलं, तर लगेच सिस्टरला बोलवा. ठोके बिघडले असतील तर पहिलं काम सलाईन बंद करणं. प्रसूतीआधी कळा वाढवायला हेच औषध कमरेत किंवा दंडात टोचणं ही सरळ चूक आहे: सलाईन थांबवता येतं, टोचलेलं औषध परत काढता येत नाही. बाळ बाहेर आल्यावर रक्तस्राव रोखायला ते टोचतात, ती गोष्ट वेगळी.

कुणी पोटाच्या वरच्या बाजूने जोर लावून बाळ खाली ढकलत असेल तर विरोध करा. जागतिक आरोग्य संघटना या प्रकाराची शिफारस करत नाही. गर्भाशय फाटू शकतं आणि अडकलेला खांदा आणखी घट्ट बसतो. डोकं बाहेर येऊन पुन्हा आत ओढल्यासारखं झालं तर खांदा अडकलेला असतो. तेव्हा आईचे पाय मांड्यांसकट पोटाकडे घट्ट दुमडतात आणि ओटीपोटाच्या हाडाच्या लगेच वर दाबतात. हा दाब योग्य आहे, त्याची गल्लत वरून ढकलण्याशी करू नका. डोकं हिसक्याने ओढलं तर मानेतून हाताकडे जाणाऱ्या नसा ताणतात, कधी तुटतात, आणि हात लुळा पडतो.

बाळ रडलं नाही तर पुसणं, पाठ चोळणं, आणि तरीही श्वास नसेल तर पहिल्या मिनिटातच अंबू बॅगने मिनिटाला ४० ते ६० श्वास. उलटं धरून चापट्या मारण्यात मोलाचे क्षण जातात.

पहिले काही दिवस

पहिल्या २४ तासांत कावीळ दिसली किंवा तळहात-तळपाय पिवळे झाले, तर त्याच दिवशी बिलिरुबिन (रक्तातली कावीळ) तपासा. कोवळ्या उन्हात धरणं हा उपचार नव्हे, वेळ गेला तर मेंदूला कायमची इजा होते. आईचा रक्तगट निगेटिव्ह आणि बाळाचा पॉझिटिव्ह असेल तर पुढच्या बाळासाठी आईला ७२ तासांच्या आत अँटी-डी इंजेक्शन मिळालं का, बघा. व्हॅक्युम (डोक्याला वाटी लावून बाळ ओढायचं यंत्र) लावलेल्या बाळाच्या डोक्यावर मऊ सूज कानामागे पसरत असेल आणि बाळ फिकट दिसत असेल, तर ती आणीबाणी आहे. झटके नेहमी जोराचे नसतात: सतत तोंड चघळणं, एकटक बघणं, पाय सायकलसारखे हलवणं यांचा व्हिडिओ काढून बालरोगतज्ज्ञांना दाखवा. लुळ्या हाताची नोंद पहिल्याच दिवशी करून घ्या, आणि तीन महिन्यांनीही कोपर दुमडत नसेल तर नसांच्या शस्त्रक्रियेच्या तज्ज्ञांकडे जा. जिल्हा पातळीवरच्या डीईआयसी केंद्रात (लहान मुलांवर लवकर उपचार करणाऱ्या सरकारी केंद्रात) लवकर उपचार सुरू करा. तक्रारीच्या निकालासाठी उपचार थांबवू नका.

कागद आणि तक्रार

डिस्चार्ज कार्ड पुरेसं नसतं. इनडोअर केस पेपर, ठोक्यांचा तक्ता, सलाईनच्या नोंदी, संमतीपत्र, भूल आणि सिझरच्या नोंदी, बाळाचा अपगार स्कोअर (जन्मल्याबरोबर बाळाच्या तब्येतीला दिलेले गुण) आणि बाळाची स्वतंत्र फाइल लेखी अर्ज करून मागा आणि अर्जाच्या प्रतीवर पोच घ्या. २००२ च्या वैद्यकीय आचारसंहितेनुसार मागणी केल्यापासून ७२ तासांत कागद द्यावे लागतात. ते जपायचं बंधन मात्र तीनच वर्षांचं आहे, आणि सेरेब्रल पाल्सी कळायलाच बऱ्याचदा वर्ष-दीड वर्ष जातं. ठोक्यांच्या मशीनची पट्टी थर्मल कागदावर असते, तिची शाई उडते. मिळाल्याच दिवशी फोटो आणि झेरॉक्स काढा. सरकारी रुग्णालयात कागद अडले तर माहिती अधिकाराचा अर्ज करा.

पैसे भरून घेतलेल्या उपचारासाठी २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली ग्राहक आयोगात जाता येतं, मुदत दोन वर्षं. तुम्ही राहता त्या जिल्ह्यातही तक्रार चालते. जिथे सगळ्यांवरच मोफत उपचार होतात ती रुग्णालयं त्यात येत नाहीत, तिथे दिवाणी न्यायालयाचा मार्ग उरतो. महाराष्ट्र मेडिकल कौन्सिल डॉक्टरवर कारवाई करू शकते, पण भरपाई देत नाही.

वकिलाआधी दुसऱ्या गावातल्या स्त्रीरोगतज्ज्ञाला आणि नवजात शिशुतज्ज्ञाला कागद दाखवा. 'चूक झाली का?' असं मोघम विचारू नका. ठोके पहिल्यांदा किती वाजता बिघडले, त्यानंतर काय करायला हवं होतं, ते किती वाजता केलं, आणि वेळेवर केलं असतं तर ही इजा टळली असती का, एवढंच विचारा. उत्तर लेखी घ्या.